ग्रीनहॅम कॉमन : धावपट्टी गेली, गायरान परत आलं, आणि टॉवरमध्ये एक छोटं संग्रहालय उभं राहिलं

रानजाई

इंग्लंडमध्ये विमानांचं संग्रहालय म्हटलं की आपली मंडळी डक्सफर्डला जातात. जावंच, तिथली विमानं बघून डोळे दिपतात. पण आज ज्या जागेबद्दल लिहितेय तिथे दालनात उभं केलेलं एकही विमान नाही. जे आहे ते एवढंच: बर्कशरमधल्या न्यूबरी गावाला लागून असलेला एक लांबलचक माळ, आणि त्या माळावर १९५० च्या दशकातला विमानतळाचा कंट्रोल टॉवर. गावातले स्वयंसेवक तो २०१८ पासून संग्रहालय म्हणून चालवतात. खाली चहा-केकची खोली, जिना चढत गेलं की तळाचा इतिहास मांडलेला, आणि सगळ्यात वर काचेची खोली, जिथे बसून एकेकाळी विमानांना उतरायची परवानगी दिली जायची.

रेडिंगच्या आसपास आपली आयटीतली किती घरं आहेत! पण शनिवार-रविवारी या टॉवरवर जाऊन आलेलं माझ्या ओळखीत फारसं कुणी नाही. म्हणून हा धागा.

आधी माळाची ओळख करून देते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. ग्रीनहॅम कॉमन हे मुळात गायरान. आजूबाजूच्या ठरावीक घरांना तिथे गुरं चारायचा, सरपण न्यायचा पिढीजात हक्क. जमिनीचा मालक बदलला तरी हा हक्क मरत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या गावात वाढले, गायरान म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गावाचं पोट त्याच्यावर असतं आणि सरकारी कामाला जागा लागली की पहिली नजर त्याच्यावरच जाते.

इथेही तेच झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, सरकारने माळ ताब्यात घेतला आणि तळ बांधला. पुढे तो अमेरिकनांकडे आला. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी, नॉर्मंडीवरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री, मित्रराष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती जनरल आयसेनहॉवर इथेच आले होते. चेहऱ्याला काळं फासलेल्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांशी ते बोलताहेत, समोरच्या तरुण लेफ्टनंटच्या गळ्यात २३ आकड्याची पाटी आहे, हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. तो याच माळावरचा. शेजारच्या क्रुकहॅम कॉमनवर हल्ल्यासाठीची ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, सुटे भाग जोडून तयार केली गेली. त्या रात्री इथून उडालेली सी-४७ विमानं फ्रान्सवर सैनिक सोडून आली.

युद्ध संपलं, तळ बंद झाला, लोकांना वाटलं माळ सुटला. पण १९५१ मध्ये अमेरिकी हवाई दल परत आलं. आता रशियाशी शीतयुद्ध. न्यूबरीत विरोध झाला, तो कामी आला नाही. तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी झाली, बी-४७ बॉम्बर तैनात झाले. टॉवर याच काळातला.

पुढच्या गोष्टीमुळे मात्र हा माळ जगभर गाजला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

१२ डिसेंबर १९७९ रोजी नाटोने ठरवलं की सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्रांना उत्तर म्हणून पश्चिम युरोपात अमेरिकी क्षेपणास्त्रं ठेवायची. ब्रिटनमध्ये दोन जागा ठरल्या: ग्रीनहॅम कॉमन आणि मोल्सवर्थ. ग्रीनहॅमच्या वाट्याला अण्वस्त्र वाहणारी ९६ क्रूझ क्षेपणास्त्रं. ऑगस्ट १९८१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफहून ३६ बायका चालत निघाल्या. सोबत काही पुरुष आणि लेकरंही होती. रोज थोडं थोडं चालत ५ सप्टेंबरला त्या तळाच्या फाटकाशी पोचल्या. मागणी साधी होती: सरकारने या निर्णयावर टीव्हीवर जाहीर वाद घालावा. कुणी दाद दिली नाही. मग त्या तिथेच बसल्या. थोडे दिवस बसू म्हणता म्हणता ती छावणी सप्टेंबर २००० पर्यंत टिकली. एकोणीस वर्षं!

त्या राहायच्या कशा, तर फांद्या वाकवून रोवायच्या आणि वर प्लास्टिक टाकायचं. आपल्याकडे ऊसतोडीच्या तळावर खोपी असतात, अगदी तशीच रचना. इंग्लंडचा हिवाळा, खाली चिखल, आणि बेलिफ येऊन खोपी पुन्हा पुन्हा उपटून टाकायचे. त्या परत उभ्या करायच्या. तळाच्या प्रत्येक फाटकाला त्यांनी रंगाचं नाव दिलं: मुख्य फाटक पिवळं, मग हिरवं, निळं, नारिंगी, जांभळं असं. प्रत्येक रंगाच्या फाटकाशी वेगळी छावणी, तिचा वेगळा स्वभाव.

१२ डिसेंबर १९८२ ला, नाटोच्या निर्णयाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ३०,००० बायकांनी हातात हात धरून तळाला वेढा घातला. नऊ मैलांचं कुंपण. त्याच्या जाळीला त्यांनी आपल्या बाळांचे कपडे, फोटो, खेळणी बांधली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जानेवारी १९८३ च्या पहाटे, ४४ जणी काटेरी तारेवर सतरंज्या टाकून, शिड्या लावून आत शिरल्या आणि बांधकाम चालू असलेल्या क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर चढून फेर धरून नाचल्या. त्यांना अटक झाली. तरी नोव्हेंबर १९८३ मध्ये क्षेपणास्त्रं आलीच.

मला सगळ्यात जास्त जे भिडलं ते इथून पुढे. तळात घुसणाऱ्या बायकांना शिक्षा करता यावी म्हणून १९८५ मध्ये सरकारने खास उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, केले. ते १८९२ च्या लष्करी जमिनींच्या कायद्याखाली. पण त्याच कायद्यात लिहिलेलं आहे की अशा उपविधींनी गायरानाच्या हक्कदारांच्या हक्काला बाधा येता कामा नये. आणि उपविधींनी तर सगळ्यांनाच आत यायला मज्जाव केलेला! शिक्षा झालेल्या दोन बायकांनी हा मुद्दा लावून धरला. खालच्या कोर्टातून वर, वरून आणखी वर, निकाल इकडचा तिकडे होत १९९० साली प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि त्यांनी ते उपविधी बेकायदा ठरवले. त्या दोघी काही गुरं राखणाऱ्या नव्हत्या. त्या सुटल्या त्या दुसऱ्यांच्या गुरांच्या चराऊ हक्कावर. अण्वस्त्रांच्या तळाचे नियम चराऊ हक्कापुढे टिकले नाहीत, हे वाचून मी त्या पाटीसमोर बराच वेळ थांबले होते.

१९८७ च्या डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचोव यांनी असली मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या आयएनएफ करारावर सह्या केल्या. सोव्हिएत तपासनीस याच तळावर येऊन तपासणी करून गेले. शेवटची क्षेपणास्त्रं मार्च १९९१ मध्ये परत गेली, १९९२ मध्ये अमेरिकन गेले. १९९७ मध्ये एका स्थानिक विश्वस्त संस्थेने सगळा तळ घेतला, इमारतींचा भाग उद्योगांसाठी ठेवला आणि मोकळा माळ एका पौंडाला कौन्सिलच्या हवाली केला. धावपट्टी उखडली, तिचा चुरा न्यूबरी बायपासच्या भरावात गेला. ८ एप्रिल २००० ला माळ लोकांसाठी उघडला. आज तिथे पुन्हा गुरं चरतात, घोडी हिंडतात.

टॉवरच्या वरच्या खोलीत उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत येतं. आत कंट्रोलरची जागा, बाहेर जिथवर धावपट्टी असायची तिथवर पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स, हेदर आणि खडीचे पट्टे. मधोमध काँक्रीटचा एक तुकडा मुद्दाम ठेवलाय. खाली उतरून त्याच्यावर चालून बघा. दोन लाद्यांच्या सांध्यात पूर्वी डांबर भरलेलं असायचं. ते तडकून तिथे शेवाळ आणि बोटभर उंचीचं गवत आलंय, आणि त्या हिरव्या सरळ रेषा लांबपर्यंत जातात. पुढे एक डबकं लागतं, त्यात विमानाच्या आकाराचा गंजलेला लोखंडी सांगाडा. तो आग विझवण्याच्या सरावासाठी होता, पेटवायचे आणि विझवायचे.

या संग्रहालयाची मला पटलेली गोष्ट ही की एकाच छताखाली तळावरच्या माणसांची गोष्ट आहे आणि कुंपणाबाहेरच्या बायकांचीही. गावात या दोन्ही बाजूंची माणसं अजून राहतात. तेव्हा छावणीचा राग करणारे कमी नव्हते, काही दुकानांत आणि पबमध्ये त्या बायकांना उभं करत नसत. वर भेटलेले स्वयंसेवक आजोबा तळावरच्या विमानांचं कौतुक जितक्या प्रेमाने सांगत होते, तितक्याच अगत्याने त्यांनी मला सांगितलं, "पिवळ्या फाटकाच्या बागेतही जाऊन ये." मोठ्या संग्रहालयांना हे जमणं अवघड. तिथे आधी विमान दिसतं, मग माणूस.

कुणी गेलं असेल तर लिहा. बाकीच्यांनी बेत करा.

---

पिंपळपान

रानजाई, फार सुंदर लिहिलंयस. ऊसतोडीच्या खोपीचं वाचून चित्र डोळ्यासमोर आलं. दोन प्रश्न. छावणी फक्त बायकांचीच का? आणि पिवळ्या फाटकाच्या बागेत काय आहे?

---

रानजाई

धन्यवाद पिंपळपान!

सुरुवातीला पुरुष होते. १९८२ च्या सुरुवातीला बायकांनी ठरवलं की छावणी आपलीच ठेवायची. निर्णय आपण घ्यायचे, पोलिसांसमोर आपण उभं राहायचं, पत्रकारांशी आपण बोलायचं. यावरून तेव्हा शांतता चळवळीतही भांडणं झाली. पण किती तरी बायका आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून चार रात्री बाहेर राहिल्या त्या इथे. आई म्हणून, आजी म्हणून आलेल्या बायका कोर्टात उभं राहून आपली बाजू मांडायला शिकल्या. मला वाटतं छावणी फक्त बायकांची नसती तर हे घडलं नसतं.

बाग लहानशी आहे. वेल्समधून आणलेल्या सात उभ्या शिळांचं रिंगण आणि मधे शेकोटीच्या ज्वाळेचं शिल्प. छावणीत शेकोटी कधी विझू द्यायची नाही असा दंडक होता, त्याची ती आठवण. तिथेच हेलन थॉमस हिची स्मृती जपलेली आहे. वेल्समधली २२ वर्षांची मुलगी. ऑगस्ट १९८९ मध्ये छावणीजवळच्या रस्त्यावर पोलिसांचे घोडे वाहून नेणाऱ्या गाडीची धडक बसून ती गेली.

---

निवृत्त वायुसैनिक

लेख आवडला. तळाच्या इतिहासाला न्याय दिलाय. पण एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

मी आपल्या हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये नोकरी केली. तळ ही आमच्यासाठी घराइतकीच जागा असते, म्हणून कुंपणाच्या आतल्या माणसांबद्दल लिहितो. ती क्षेपणास्त्रं कोठारात बसवून ठेवायची नव्हती. एका तुकडीत चार लाँचर गाड्या, प्रत्येकीवर चार, म्हणजे सोळा क्षेपणास्त्रं, आणि सोबत दोन नियंत्रण गाड्या. सहा तुकड्या मिळून ९६. तणाव वाढला की सगळा ताफा तळाबाहेर काढून रानात विखरून लपवायचा, म्हणजे शत्रूच्या पहिल्या घावात एका जागी सापडणार नाही. त्याचा सराव रात्री-अपरात्री सॉल्सबरी प्लेनवर चालायचा. जमिनीलगत, चढउतारांचा नकाशा ताडत जाणारं शस्त्र, पल्ला साधारण अडीच हजार किलोमीटर. हे हाताळणारी विशी-बाविशीतली पोरं होती आणि त्यांच्याही डोक्यावर काय ओझं असेल याची मला कल्पना आहे.

आता मुद्दा. १९८७ चा करार झाला तो समोर काहीतरी ठेवलं म्हणून झाला असं मी मानतो. सोव्हिएत युनियनने एसएस-२० आधीच लावली होती. पश्चिमेने पर्शिंग-२ आणि क्रूझ आणल्यावरच दोन्ही बाजूंनी शून्यावर येण्याला अर्थ आला. रिकाम्या हाताने वाटाघाटीला बसलं तर समोरचा आपलं कशाला कमी करेल? त्या बायकांच्या चिकाटीला माझा सलाम आहे, पण क्षेपणास्त्रं त्यांच्यामुळे गेली असं म्हणवत नाही.

---

रानजाई

काका, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. तुकडीची रचना इतकी नीट मला कुठेच समजली नव्हती.

क्षेपणास्त्रं केवळ छावणीमुळे गेली असं माझंही म्हणणं नाही. करार दोन महासत्तांनी केला. पण एक पाहा. सराव गुप्त असावा हा त्या विखुरण्याचा पाया होता ना? बायका आणि त्यांचे साथीदार प्रत्येक ताफ्यामागे जायचे, कुठे थांबला ते जाहीर करायचे. म्हणजे जे लपवायचं तेच उघड्यावर येत राहिलं. आणि माळ गायरान म्हणून परत मिळाला यात त्या खटल्याचा आणि गावातल्या हक्कदारांचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. जमिनीचा दावा कुणी जिवंत ठेवला नाही तर ती परत येत नाही.

---

निवृत्त वायुसैनिक

ताफ्याच्या पाठलागाचा मुद्दा मान्य, त्याने सरावाचा हेतूच पातळ होतो. कराराबद्दल माझं मत कायम. जमिनीबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तो आयएनएफ करार २०१९ मध्ये संपुष्टात आला हेही वाचकांनी ध्यानात ठेवावं.

---

कल्याणकर

तुमचा धागा वाचताना मला सारखी नेवाळी आठवत होती. कल्याण-मलंगगड रस्त्यावरची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. ब्रिटिशांनी युद्धासाठी आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. गावकरी म्हणत राहिले की युद्धापुरती घेतली होती, आमची आम्हाला द्या. जून २०१७ मध्ये तिथे कुंपणाची भिंत घालायला सुरुवात झाली आणि आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघंही जखमी झाले.

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'विमानतळाची जमीन' हा शब्द इतका सहज असायचा की लहानपणी मला वाटायचं तिथे खरंच विमानं उतरत असतील. कोणाची बाजू खरी हे कोर्ट ठरवेल. पण त्या जागेचा इतिहास सांगणारी एक खोली तरी तिथे असावी, जिच्यात युद्धाच्या काळातली धावपट्टी असेल आणि कोणाकोणाची भातखाचरं गेली तेही असेल, असं फार वाटतं. जुने सातबारे, फेरफार लोकांच्या ट्रंकांत पडून आहेत. ही पिढी गेली की ते कुणाला वाचताही येणार नाहीत.

---

रानजाई

कल्याणकर, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. टॉवरमध्येही बरंचसं सामान लोकांच्या घरातूनच आलेलं असतं. मोठा निधी हवा, इमारत हवी असं नाही. आधी त्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर तरी रेकॉर्ड करून ठेवा, आणि कागदांचे फोटो काढा. खरंच करा.

---

नॉरफोकची मनू

माझ्याकडून एका तशाच जागेची भर. नॉरफोकमध्ये डिसच्या जवळ थॉर्प ॲबट्स नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतांच्या मधे १०० व्या बॉम्ब ग्रुपचा तळ होता, बी-१७ बॉम्बरचा. त्याचाही कंट्रोल टॉवर पडायला आलेला होता. गावातल्या लोकांनी तो हाताने दुरुस्त केला आणि १९८१ मध्ये संग्रहालय उघडलं. आजही स्वयंसेवकच चालवतात.

या ग्रुपचं नुकसान इतकं झालं की 'रक्तबंबाळ शंभरावा' अशीच त्याची ख्याती झाली. १० ऑक्टोबर १९४३ ला म्युन्स्टरवर गेलेल्या त्यांच्या १३ विमानांपैकी एकच परत आलं. टॉवरच्या गच्चीवर उभं राहिलं की समोर बीट आणि गव्हाची शेतं दिसतात, आणि याच कठड्यापाशी उभं राहून माणसं परतणारी विमानं मोजत होती हे मनात येतं. एका विमानात दहा माणसं. बारा विमानं म्हणजे एका दुपारी १२० कॉट रिकाम्या. मी लेकाला घेऊन गेले होते, त्याने तो गुणाकार स्वतः केला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

रानजाई म्हणते ते मला पटतं. इथे विमानापेक्षा माणसं जास्त दिसतात. पत्रं, जाकिटं, गावातल्या कुणीतरी जपून ठेवलेले फोटो. त्या वेळी लहान असलेल्या गावातल्या मुलांना ही अमेरिकन पोरं चॉकलेट द्यायची, आणि ती मुलं म्हातारी झाल्यावर त्यांनीच संग्रहालय उभारलं.

---

शेवंता

मनू, अंगावर काटा आला.

रानजाई, मी न्यूबरीजवळच राहते. घर घेताना कुणीतरी सांगितलं होतं की तळावर १९५८ मध्ये अणुबॉम्बचा अपघात झाला होता आणि जमीन दूषित आहे. तेव्हापासून मनात किंतु आहे. संग्रहालयात याबद्दल काही आहे का? मुलांना तिथे खेळायला न्यावं का?

---

रानजाई

शेवंता, काळजी समजू शकते. मी यावर नंतर वाचलं, ते सांगते.

२८ फेब्रुवारी १९५८ ला उड्डाण करणाऱ्या एका बी-४७ ला अडचण आली म्हणून वैमानिकाने पंखांखालच्या इंधनाच्या दोन टाक्या सोडून दिल्या. त्या ठरलेल्या जागी न पडता एक हँगरवर आणि एक उभ्या असलेल्या दुसऱ्या बी-४७ जवळ पडली. ते विमान पेटलं, आग तासन् तास धुमसत राहिली, दोन माणसं गेली. एवढं पक्कं. त्या जळालेल्या विमानात अण्वस्त्र होतं अशी चर्चा पुढे झाली, कारण १९६१ मध्ये ऑल्डरमास्टनच्या ब्रिटिश अण्वस्त्र संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना परिसरात युरेनियमचं प्रमाण जास्त आढळलं होतं. तो अहवाल १९९६ मध्ये बाहेर आला आणि न्यूबरीत खळबळ उडाली. त्यानंतर साउदम्प्टन विद्यापीठाने परिसराची व्यापक तपासणी केली आणि अशा अपघाताचा पुरावा मिळाला नाही असा निष्कर्ष दिला. माळ लोकांना खुला झाला तो या तपासणीनंतर.

मी माझ्या मुलांना नेते. तुमचं मन खात असेल तर तो अहवाल मुळातून वाचा, ऐकीव गोष्टींपेक्षा त्याने समाधान होईल.

---

रातवा

माझं नावच इथे आहे म्हणून लिहितोच. ग्रीनहॅम कॉमनवर मी जातो तो रातवा पक्ष्यांसाठी. आफ्रिकेतून मे महिन्यात येतात. जूनमधल्या उबदार संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने गॉर्सच्या कडेला उभं राहायचं. आधी शिवणयंत्र चालवल्यासारखी सलग घरघर येते, मधेच पट्टी बदलते, आणि मग पंख टाळीसारखे वाजवत नर डोक्यावरून जातो.

धावपट्टी उखडल्यावर जी खडीची, नापीक, उघडी जमीन उरली ती पक्ष्यांना फार मानवली. तुरेवाल्या टिटव्या आणि चिखले अशाच उघड्या खडीवर अंडी घालतात. गॉर्समध्ये डार्टफर्ड वॉर्बलर, आपल्या वटवट्याच्या कुळातला. वुडलार्क म्हणजे चंडोलाचा भाऊ, तोही आहे. गुरं चारतात म्हणून हे टिकलंय, नाहीतर बर्च आणि झुडपांनी दहा-वीस वर्षांत सगळं झाकून टाकलं असतं. म्हणजे चराऊ हक्क राहिला म्हणून हेदर राहिलं आणि हेदर राहिलं म्हणून रातवा.

कळकळीची विनंती: मार्च ते ऑगस्ट पायवाट सोडू नका आणि कुत्रं दोरीला ठेवा. इथले बरेचसे पक्षी जमिनीवर घरटी करतात. पाऊल पडेपर्यंत अंडी दिसत नाहीत. आणि उन्हात ॲडर साप पहुडलेले असतात. घोणसेच्या कुळातले, विषारी, पण वाटेला गेलं नाही तर काही करत नाहीत.

---

मांडवीकाठ

धागा वाचून आमच्या दाबोळीबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटल्या. तळ अजून चालू आहे, त्यामुळे तुलना नाही, पण जवळच बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालं. सी हॅरियर, अलिझे, सी हॉक, आणि अंगणात प्रचंड सुपर कॉन्स्टलेशन.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांची. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. टर्मिनलची इमारत वाचली. त्याच रात्री, खड्डे पडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन पोर्तुगीज विमानं अंधारात उडाली आणि कराचीला निसटली. पर्यटक समुद्रकिनाऱ्यावर जाताना या संग्रहालयावरून सरळ पुढे जातात. एक तास थांबा, पोरांना फार आवडतं.

---

पिंपळपान

हा धागा आता संग्रहच झालाय. रानजाई, शेवटचं विचारते. मेमध्ये आई-बाबा येताहेत. बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. लंडनहून एका दिवसात होईल का? आणि त्या क्षेपणास्त्रांच्या कोठारांत जाता येतं का?

---

रानजाई

सहज होईल. पॅडिंग्टनहून न्यूबरीची जलद गाडी तासाभरात पोचवते. स्टेशनपासून टॅक्सी करा, बरीज बँक रोडवरचा टॉवर सांगायचं. गाडीने आलात तर टॉवरपाशीच लावता येते.

संग्रहालय स्वयंसेवकांच्या सोयीने आठवड्यातून ठरावीकच दिवस उघडं असतं, त्यामुळे निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर वेळ बघाच. बाबांना वरचे जिने जमले नाहीत तर खाली चहा घेत बसतील, समोरच माळ आहे. माळ सपाट आहे, धावपट्टीच होती ना! वाटाही बऱ्या आहेत, सावकाश चालत काँक्रीटच्या तुकड्यापर्यंत जाऊन येतील. वारा मात्र फार लागतो, मेमध्येही कानटोपी बरोबर घ्या.

कोठारं माळाच्या नैऋत्य टोकाला आहेत. गवताने झाकलेल्या सहा टेकड्यांसारखी दिसतात, पुढे मोठाले दरवाजे. २००३ पासून संरक्षित स्मारक आहेत, पण भोवती कुंपण आहे आणि एरवी आत सोडत नाहीत. कुंपणाबाहेरून व्यवस्थित दिसतात. टॉवरपासून तिथवर चाल बरीच आहे, तेव्हा बाबांना घेऊन जायचं तर त्या बाजूच्या पार्किंगला गाडी न्या आणि तिथून चाला. पिवळ्या फाटकाची बाग उद्योग वसाहतीच्या प्रवेशाजवळ आहे, तिथे तर गाडीतून उतरलं की झालं.

तारीख ठरली की मला व्यक्तिगत निरोप कर. शनिवार असेल तर मीही येते, आणि रातवा यांना वेळ असेल तर संध्याकाळी थांबून पक्षी बघू.

---

रातवा

मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवा, तोवर रातवे आलेले असतात. मी येतो, दुर्बीण दोन आणतो.